नव्या ॲक्वापोनिक्स टाकीत मासे मरू लागले तर: औषधाआधी पाणी मोजा

"दादा, मासं सगळं वर आल्यात, तोंडं उघडून हवा प्यायल्यात. कुठलं औषध टाकू?"

ऑक्टोबरातल्या एका सकाळी साडेसहाला हा फोन आला. शिरोळकडचा तरुण पोरगा. त्याचं ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावरच भाजी वाढवायची पद्धत: हजार लिटरची टाकी, वर खडीचे दोन वाफे, त्यात पालक आणि पुदिना लावलेला. टाकी भरून अकरा दिवस झाले होते. रोहू आणि सायप्रिनस या माशांची दीडशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यानं दुसऱ्याच दिवशी एकदम सोडली होती. मी विचारलं, "पाणी मोजलंस?" तो म्हणाला, "पाणी तर नितळ हाय की!"

नितळ पाण्यानं मलाही असंच फसवलं होतं. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या बाजूला आमच्या परसात पहिली टाकी लावली तेव्हा नवव्या दिवशी सकाळी साठेक मासे पोट वर करून तरंगत होते. दुकानातून मिळालेलं निळं औषध मी तसंच टाकीत ओतलं. उरलेले मासे वाचले नाहीतच, शिवाय खडीवर नुकते धरू लागलेले, माशांची घाण पचवणारे जिवाणूही मेले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. नव्या टाकीत पहिल्या दीड-दोन महिन्यांत मासे मरतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. रोग आला तरी तो पाण्यानं आधीच बेजार केलेल्या माशाला धरतो. म्हणून खालचा सगळा क्रम पाण्यापासून सुरू होतो. त्या पोराची टाकी आपण याच क्रमानं बघू.

पहिला अर्धा तास

खाद्य ताबडतोब बंद करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यानं मासा मरत नाही, पण पोटात गेलेलं खाद्य काही तासांत अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात येतं. मेलेले मासे आणि तळाला कुजलेलं खाद्य काढून टाका.

मग हवा वाढवा. दुसरा एअर पंप असेल तर लावा. नसेल तर वाफ्यातून परत येणाऱ्या पाण्याचा पाईप फूटभर वर उचलून धार पाण्यावर आपटू द्या. तेही जमत नसेल तर बादलीनं पाणी काढून उंचावरून ओतत राहा. हवेनं अमोनिया जात नाही, पण कल्ले दुखावलेल्या माशाला श्वास घ्यायला मदत होते.

एवढं झालं की पाणी मोजायला घ्या. आकडे हातात येईपर्यंत टाकीत मीठ, चुना, तुरटी, हळद किंवा औषध यातलं काहीही टाकू नका. लोक प्रेमापोटी खूप काही सुचवतात, आणि घाबरलेला माणूस ते सगळं टाकतो.

काय मोजायचं, कशानं मोजायचं

थेंबांचा टेस्ट किट घ्या. त्यात पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा), अमोनिया, नायट्राईट आणि नायट्रेट या चारही चाचण्या हव्यात. कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पण अमोनियाच्या बाबतीत मी त्यांच्यावर विसंबत नाही. जोडीला साधा थर्मामीटर. टीडीएस मीटर बऱ्याच जणांकडे असतो. तो पाण्यात एकूण क्षार किती विरघळलेत ते सांगतो, त्यात अमोनिया किती हे त्याला कळत नाही. टीडीएस चांगला दिसतोय म्हणून निवांत राहिलेले लोक मी पाहिलेत.

टाकीच्या पाण्याबरोबर भरायचं पाणीही मोजा. इथं एक बारकावा आहे. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड विरघळलेला असतो, त्यामुळे चाचणीची नळी धारेखाली धरून लगेच पीएच मोजला तर तो कमी दिसतो. तेच पाणी बादलीत घेऊन चोवीस तास एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा आणि मग मोजा. ७.२ दिसलेलं पाणी ८.२ वर गेलेलं असू शकतं. तुमच्या टाकीत अखेर हाच दुसरा आकडा नांदणार असतो.

मोजण्याची वेळ रोज एकच ठेवा. टाकीवर ऊन येत असेल आणि पाणी हिरवट असेल, तर शेवाळामुळे सकाळचा पीएच आणि दुपारचा पीएच यांत मोठा फरक पडतो. टाकी झाकली की शेवाळाचा प्रश्न जवळजवळ संपतो.

शिरोळच्या पोराला मी किट आणायला लावला. दुपारी त्यानं आकडे पाठवले: तापमान २५ अंश, पीएच ८.२, अमोनिया ४, नायट्राईट पाव, नायट्रेट शून्य. पीएच सोडून हे किटचे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये.

अमोनिया: एकच आकडा, दोन अर्थ

किटमध्ये दिसणारा अमोनिया हा एकूण अमोनिया असतो. त्याचा काही भाग मुक्त, म्हणजे विषारी रूपात असतो आणि उरलेला अमोनियम रूपात, जो माशाला फारसा बाधत नाही. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी असतो. ७.५ ला पावणेदोन टक्के, ८ ला साधारण साडेपाच आणि ८.५ ला पंधरा टक्के. तापमान वाढलं की हे प्रमाण आणखी वाढतं.

आता त्याचा हिशेब करा. ८.२ पीएचला सुमारे आठ टक्के विषारी, म्हणजे ४ मधले लिटरला ०.३३ मिलिग्रॅम. मुक्त अमोनिया ०.०५ च्या वर गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते. त्याच्याकडे त्याच्या सहापट होता. हाच ४ चा आकडा पीएच ७ च्या टाकीत असता तर मुक्त अमोनिया ०.०२ च्या आसपास राहिला असता आणि मी त्याला दमानं घे म्हणालो असतो. म्हणून फोनवर कुणी नुसता अमोनिया सांगितला तर मी आधी पीएच विचारतो.

उपाय पाणी बदलण्याचा. अर्धं पाणी काढून तितकंच नवं भरलं की ४ चे २ होतात. सहा-आठ तासांनी पुन्हा अर्धं बदललं की १. नवं पाणी तापमानाला आणि पीएचला टाकीतल्या पाण्याच्या जवळचं हवं, आणि ते हळूहळू सोडायचं. त्याच्याकडे बोअरचंच पाणी होतं, त्यामुळे पीएच उतरणार नव्हता, पण अमोनिया उतरला की निकड संपते. पीएच खाली आणायला लिंबू किंवा ॲसिड थेट टाकीत ओतायचा मोह होतो. ते करू नका. पीएचची अचानक उडी माशाला अमोनियाइतकीच जड जाते.

मत्स्यशेतीच्या दुकानात झिओलाईट नावाचं खनिज मिळतं. जाळीच्या पिशवीत घालून पाण्याच्या धारेत ठेवलं तर ते अमोनिया धरून ठेवतं. अडचणीच्या वेळी उपयोगी पडतं, मात्र टाकीत मीठ घातलं की धरलेला अमोनिया ते परत सोडतं. दोन्ही एकत्र वापरू नका.

हा अमोनिया आला कुठून? बत्तीस टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यातून साधारण तीस ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. तो पोरगा दिवसाला शंभर ग्रॅम खाद्य टाकत होता, म्हणजे रोज तीन ग्रॅम. हजार लिटरमध्ये ते लिटरला तीन मिलिग्रॅम भरतात, दररोज. हे पचवणारे जिवाणू अकरा दिवसांच्या खडीवर नावापुरतेच होते.

टाकी मुरायला वेळ लागतो

अमोनियाचं नायट्राईट करणारे जिवाणू आधी धरतात, नायट्राईटचं नायट्रेट करणारे मागून येतात. पाणी २५ ते ३० अंश असेल आणि हवा भरपूर असेल तरी दोन्ही बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचं घातल्या दिवशी खात नाहीत, मुरू देतात, तसंच हे आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतात. त्या दिवसांत सुरू केलेली टाकी आणखी रेंगाळते. माझ्या मते कोल्हापुरात नवी टाकी फेब्रुवारीत लावावी, नाहीतर पाऊस उतरल्यावर लगेच.

मासे न सोडता टाकी मुरवणं सगळ्यांत चांगलं. त्यासाठी अमोनियम क्लोराईड, म्हणजे आपला नवसागर वापरतात. हजार लिटरला आठ ग्रॅम घातलं की अमोनिया-नायट्रोजन २ च्या आसपास येतो. तो शून्यावर आला की पुन्हा तेवढंच. कल्हईसाठी मिळणाऱ्या खड्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून रसायनांच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्यावा. ओळखीत कुणाची निरोगी, चालती टाकी असेल तर तिथली दोन-चार किलो ओली खडी आणून आपल्या वाफ्यात मिसळा, बरेच दिवस वाचतात.

जीवामृत किंवा शेणाची स्लरी टाकून जिवाणू लवकर येतील असं शेती करणाऱ्या मित्रांना मनापासून वाटतं. जमिनीसाठी ते चांगलं आहे. टाकीत मात्र ते कुजताना ऑक्सिजन खातं, अमोनिया वाढवतं, आणि शेणातले आतड्याचे जिवाणू तुमच्या पालकावर जातात. टाकीपासून ते लांब ठेवा.

चौथ्या आठवड्यातलं संकट: नायट्राईट

पाणी दोनदा बदलल्यावर पोराचे मासे खाली उतरले, पोहू लागले. मी त्याला सांगितलं होतं, "आता नायट्राईट चढेल, रोज बघ." पंचविसाव्या दिवशी अमोनिया ०.५ वर आला आणि नायट्राईट ५ झालं. मासे पुन्हा वर.

नायट्राईट कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. ओळखायला एक मासा हळूच जाळीत घ्या आणि कल्ल्याचं झाकण उचलून बघा. निरोगी कल्ला जास्वंदीसारखा लाल दिसतो. नायट्राईटनं तो चॉकलेटी, तपकिरी होतो.

इथं मात्र मीठ कामाला येतं. मिठातला क्लोराईड नायट्राईटला कल्ल्यात शिरू देत नाही. नायट्राईटच्या दहापट क्लोराईड पाण्यात असला तर मासा तगतो. हजार लिटरला १७० ग्रॅम मिठातून लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम क्लोराईड मिळतो, म्हणजे ५ नायट्राईटला ते पुरून उरतं. मीठ आयोडीन नसलेलं, खडे मीठ घ्या, बादलीत विरघळवा आणि दोन-तीन तासांत थोडं थोडं सोडा. हजार लिटरला एक किलोच्या वर जाऊ नका. स्ट्रॉबेरी आणि घेवडा तर त्याआधीच कुरकुर करतात. शिरोळ भागातल्या बऱ्याच जमिनी पाण्याच्या अतिवापरानं खारवटलेल्या आहेत, बोअरलाही क्षार असतात. तिथल्या मंडळींनी आधी आपल्या पाण्यातला क्लोराईड तपासून घ्यावा, कदाचित मीठ घालावंच लागणार नाही. मीठ आपोआप उडून जात नाही. ते फक्त पाणी बदलल्यावर कमी होतं.

नायट्राईट ५ च्या वर राहिलं तर मिठाबरोबर पाणीही बदला. खाद्य दिवसाआड, चिमूटभर.

पीएच: बोअरचं पाणी आणि पावसाचं पाणी

माशांना आणि जिवाणूंना ७ ते ८ मानवतं, झाडांना ५.५ ते ६.५. आपण ६.८ ते ७ वर तडजोड करतो. नव्या टाकीत चढा पीएच दिसला की लगेच हात घालायची गरज नसते. जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली क्षारता (खारटपणा नव्हे, पीएच धरून ठेवणारी ताकद) खातात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे सात ग्रॅम. टाकी मुरली की पीएच आपसूक उतरू लागतो.

बोअरचं पाणी फारच जड असेल तर त्यात पावसाचं पाणी मिसळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे छपरावरून वाहून जाणारं पाणी साठवलं तर वर्षभर पुरतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या. छप्पर जस्ती पत्र्याचं असेल तर पाण्यात जस्त उतरतं आणि ते माशांना विषारी असतं. कौलारू किंवा स्लॅबचं छप्पर बरं. टाकीच्या जोडणीतही जस्ती पाईप आणि तांब्या-पितळेची फिटिंग टाळा.

खडीही तपासा. आपल्याकडच्या खाणींतली काळी खडी बहुधा निर्धोक असते, फक्त भुकटी जाईपर्यंत धुवावी लागते. पण काही खड्यांवर चुन्याचा पांढरा थर असतो. मूठभर खडी व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर ती खडी पीएच कायम वर ढकलत राहील.

दोन-तीन महिन्यांनी उलटी तक्रार येते: पीएच ६ च्या खाली गेला. तिथं जिवाणू जवळजवळ थंडावतात आणि अमोनिया साचू लागतो. पीएच चढवायला भिजवलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, बादलीत कालवून, दिवसाला ०.२ पेक्षा जास्त वाढणार नाही इतकंच द्या. त्यातून झाडांना कॅल्शियम आणि पोटॅशही मिळतं. खायचा सोडा नेहमीसाठी नको, त्यातलं सोडियम साचत जातं. आणि इथंच सगळ्यांत घातक चूक होते. पीएच ६ असताना ८ अमोनिया साचलेला आहे, मासे मात्र ठीक आहेत, कारण तो जवळजवळ सगळा अमोनियम रूपात आहे. अशा वेळी चुना टाकून पीएच ८ वर नेला की तोच अमोनिया तासाभरात विष होतो. आधी पाणी बदलून अमोनिया उतरवा, मग पीएचला हात लावा.

नळाचं पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की हा डोस वाढतो. मासे आणि जिवाणू दोघांनाही तो मारतो. पिंपात काढून एअरस्टोन लावून दोन दिवस ठेवलं की बहुतेक निघून जातो. तातडीनं पाणी बदलायचं असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरा: क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर हजार लिटरला सात ग्रॅम. क्लोरीन किती आहे हे ग्रामपंचायतीत वापरतात त्याच ओटी टेस्टनं (थेंब टाकून पाण्याचा रंग बघायची चाचणी) कळतं.

पहाटेचा ऑक्सिजन आणि गेलेली वीज

मासे फक्त पहाटे वर येत असतील आणि ऊन चढल्यावर खाली जात असतील, तर संशय ऑक्सिजनवर. ३० अंशाला आणि आपल्या उंचीवर पाण्यात फार तर लिटरला सातेक मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो ५ च्या खाली जाऊ देऊ नये.

वीस किलो मासे तासाला साधारण चार ते सहा ग्रॅम ऑक्सिजन ओढतात आणि हजार लिटरच्या भरल्या टाकीत सगळा मिळून सातच ग्रॅम असतो. रात्री वीज गेली तर तुमच्या हातात तासभरही नसतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकी लावतानाच घ्या, नंतरसाठी ठेवू नका. ही एकच गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

तळाची घाण साचून सडक्या अंड्यासारखा वास आला तर खडीत हवा न पोचणारे कोपरे झालेत. ते एकदम ढवळू नका. वाफ्याचा थोडा थोडा भाग करून, बाहेर धुऊन काढा, पण नळाच्या पाण्यानं नव्हे, टाकीच्याच पाण्यानं.

खरोखर रोग असेल तर

चारही आकडे ठीक, हवा ठीक, तरीही मासा अंग घासतोय, पर मिटून कोपऱ्यात उभा आहे, तर मग रोगाकडे वळा. आजारी मासे वेगळ्या टबात काढा. औषधाचं काम तिथंच. मिथिलिन ब्लू, पोटॅशियम परमँगनेट, फॉर्मालिन, मोरचूद, अँटिबायोटिक यातलं काहीही मुख्य टाकीत जाता कामा नये. यानं जिवाणू मरतात किंवा अर्धमेले होतात, आणि त्याच पाण्यातली भाजी आपण खातो.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर टबात लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ आणि पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत गरम ठेवून दहाएक दिवस. कापसासारखे पुंजके बुरशीचे, ते बहुधा वाहतुकीत खवले निघालेल्या जागी थंडीत येतात. बोटुकली आणल्यावर लिटरला वीस ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढली तर बरेच परजीवी गळतात. मासा कलंडू लागला की लगेच बाहेर. रोहू-कटल्यावर चपट्या, सरकणाऱ्या उवा दिसतात, त्या चिमट्यानं काढता येतात. नवे मासे दोन आठवडे वेगळे ठेवले तर यातलं बरंच काही टाकीपर्यंत पोचतच नाही.

थाई मांगूर हा मासा कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे.

आणि एकाएकी, तासाभरात, लहानमोठे सगळे मासे तडफडून मेले तर तो रोग नसतो, बाहेरून विष आलेलं असतं. शेजारच्या उसावरची फवारणी, डेंग्यूच्या दिवसांतली धुरळणी, किंवा आपणच भाजीवर मारलेला दशपर्णी अर्क. वनस्पतींपासून केलं म्हणजे निर्धोक असं नाही, निंबोळी तेलसुद्धा माशांना बाधतं. धुरळणीची गाडी येणार असेल तेव्हा टाकी झाका आणि तेवढ्यापुरता एअर पंप बंद ठेवा, कारण तो तीच हवा पाण्यात सोडतो. मावा धरला तर पाण्याची जोरदार फवार पुरते.

झाडांचं थोडक्यात: कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहील असं केलेलं), पीएच ७ च्या आसपास असेल तर पाकिटावर डीटीपीए लिहिलेलं, लिटरला २ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. पहिल्या महिन्यात भाजी रोडावलेली दिसली तर धीर धरा, नायट्रेट अजून तयार व्हायचंय.

शिरोळच्या पोरानं वहीत रोज चार आकडे लिहायला सुरुवात केली होती. चाळिसाव्या दिवशी त्यानं पानाचा फोटो पाठवला: पीएच ७.६, अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, नायट्रेट २०. दीडशेतली अडुसष्ट बोटुकली उरली होती. "आता परत शंभर आणू?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "आठवडाभर दोन्ही शून्य राहू देत. मग तीस आण, दोन आठवडे टबात ठेव, आणि सोडल्यावर पाच दिवस रोज मोज." त्यानं तीसच आणली. पाचव्या दिवशीचा अमोनिया पाव होता, सहाव्या दिवशी पुन्हा शून्य.